काहूनराव

किशनराव आबा जिल्हा परिषदेचे सदस्य होते तेव्हा आणि नव्हते तेव्हाही, त्यांना खुर्चीत नीट बसलेलं मी कधी पाहिलं नाही. ते टेकायचे. खुर्चीच्या कडेला, एक पाय दाराकडे करून, आत्ता कुणी हाक मारील आणि उठून जावं लागेल अशा बेतानं. चहा उभ्यानं, बशीत ओतून. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत यांचा पुढचा प्रश्न तयार, आणि प्रश्नाची सुरुवात ठरलेली: "काहून?" म्हणजे आमच्याकडचं 'का'. त्यामुळे तोंडावर आबा आणि पाठ वळली की काहूनराव, असा साऱ्या वसमत तालुक्याचा रिवाज पडला होता. त्यांना हे माहीत होतं. स्टँडवरचा चहावाला एकदा चुकून तोंडावरच बोलून गेला, "या काहूनराव." आम्ही सगळे खाली बघायला लागलो. आबा म्हणाले, "आलो. पण चहात पानी जास्त काहून हाय तुझ्या?"

आबांना जाऊन आता वर्ष होत आलं. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोडगोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. मला ती पाळता येणार नाही, कारण या माणसानं मला फार छळलं आहे.

वसमतच्या बसस्थानकासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. जोडीला एका दैनिकाची तालुका वार्ताहरी. म्हणजे पोट झेरॉक्सवर आणि मिरवणं बातमीवर. सभागृहात प्रश्न विचारायचा तर तो आधी लेखी द्यावा लागतो, आणि आबांचं अक्षर खुद्द आबांनाही लागत नसे. म्हणून हट्टा गावाकडून येणाऱ्या गाडीतून उतरले की ते थेट माझ्या दुकानात. बाहेर गिऱ्हाइकं सातबाऱ्याच्या झेरॉक्ससाठी ताटकळलेली आणि आत हे प्रश्न सांगताहेत, तेही काउंटरपासून रस्त्यापर्यंत येरझाऱ्या घालत. एसटीचा हॉर्न वाजला की अर्धं वाक्य त्यात जायचं. परत विचारलं तर, "ध्यान कुठं हाय तुझं, पत्रकार?"

आमचं कायमचं भांडण 'कृपया' या शब्दावरून. "शाळेच्या खोल्यांची दुरुस्ती कधी होणार, याची माहिती कृपया मिळावी," असं मी टाइप केलं की आबा चष्मा कपाळावर चढवून कागद दूर धरत आणि म्हणत, "हे कृपया काढ. भीक मागून राहिलो का मी?"

"आबा, पद्धत असते तशी."

"काहून असते?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मी कृपया काढायचो, कागदावर सही व्हायची, आणि पुढच्या प्रश्नात माझ्या बोटांच्या सवयीनं कृपया पुन्हा हजर. मग पुन्हा चष्मा कपाळावर.

उंच, सडसडीत अंगकाठी, पांढरा सदरा-पायजमा, खांद्यावर रुमाल. घरची हळद मोठी, त्यामुळे नखांच्या कडा बारा महिने पिवळट. विहिरीला पाणी, घरात माणसं, खाऊन-पिऊन सुखी. या माणसानं पारावर बसून विडा चघळला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. निवडूनही ते प्रश्नांसाठी आले नव्हते. गटातल्या दोन मातब्बरांचं एकमेकांशी पटेना, तेव्हा मधला निरुपद्रवी माणूस म्हणून दोघांनी आबांना पुढं केलं. निरुपद्रवी! त्या दोघांनी पुढं पाच वर्षं कपाळावर हात मारून घेतला.

सर्वसाधारण सभेचा थाट तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. अध्यक्ष मधोमध, अधिकारी एका बाजूला फायली घेऊन, सदस्य समोर. विषय वाचला जातो, कुणीतरी 'मंजूर' म्हणतं, बाकं वाजतात, पुढचा विषय. जेवणाची वेळ जवळ आली की मंजुरीचा वेग वाढतो, कारण बाहेरून वांग्याच्या भाजीचा वास यायला लागलेला असतो. नेमके त्या वेळी आबा उभे राहत. वार्ताहरांच्या बाकावर आम्ही पेनं खाली ठेवून देत असू, आता तासभर काही होत नाही म्हणून.

एकदा पाण्याच्या टाकीवरून जुंपली. अधिकारी म्हणाले, "कार्यवाही सुरू आहे."

आबा म्हणाले, "सुरू हाय हे तुमी मागच्या बारीलाबी म्हन्लते. कुठवर आली ते सांगा. ज्वारी पोटऱ्यात आली का निसवली, काही तरी सांगता येते का न्हाई?"

सभागृह हसलं. अध्यक्ष म्हणाले, "आबा, बसा आता. उत्तर आलं."

"उत्तर आलं, पानी न्हाई आलं. मी बसलो तर त्येला वाटंल पानी आलं."

आणि ते उभेच. विषयपत्रिका अडली, भाजी निवली, सदस्य चुळबुळले. एक ज्येष्ठ सदस्य माझ्याकडे वाकून म्हणाले, "ह्यो एक दिवस लोकायला उपासानं मारील." शेवटी अधिकाऱ्यांनी टाकीच्या ठेकेदाराला सभागृहातूनच फोन लावला. टाकी झाली की नाही, विचारू नका. पण त्या दिवशी फोन लागला, एवढं मी बातमीत दिलं.

याचा अर्थ आबा दर वेळी बरोबरच असत असा नाही. एकदा त्यांनी एका गावच्या शाळेची खोली गळते, पत्रे उडालेत, पोरं जनावरांसारखी बसतात, असा प्रश्न लावून धरला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना घामाघूम केलं. पुढच्या सभेत फोटो आले. शाळा धडधाकट निघाली. आबांनी एसटीच्या खिडकीतून शाळा समजून पाहिला होता तो शाळेच्या शेजारच्या पाटलाचा गोठा. सभागृहानं बाकं अशी वाजवली की विचारू नका. दुसरा कुणी असता तर पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर सटकला असता. आबा उभे राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं. मी गोठ्याला शाळा समजलो. इतिवृत्तात लिहा." लिहिणारा बाबू संकोचला. "लिहा म्हंतो ना. तुमचं चुकल्यालं लिहायला लावतो, तं माझं काहून न्हाई?" ते वाक्य आजही इतिवृत्तात असेल.

सभागृहाबाहेरही सुटका नसे. लग्नात अक्षता मुठीत धरून डीजेवाल्याला, "एवढ्या आवाजाचं लेकरायच्या कानाला काय होते?" अंत्यविधीला लाकडं ओली का म्हणून. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाच्या रांगेत पुढच्या-मागच्यांना विचारून त्यांनी यात्रेकरूंच्या मुताऱ्यांवर प्रश्न तयार केला होता, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. घरची माणसं विटून जात. त्यांचा एकुलता मुलगा बालाजी मला एकदा म्हणाला, "बापूसंगं गावाला जायचं म्हंजे तोंड लपवायची जागा आधी बघून ठिवा लागते."

बालाजीसाठी मुलगी बघायला गेले होते तेव्हाची गोष्ट तर गावभर झाली. पाटावर बसलेल्या मुलीला नाव विचारायचं, शिक्षण विचारायचं, स्वयंपाक येतो का विचारायचं, हे ठरलेलं. आबांनी विचारलं, "तुमच्या गावात प्यायचं पानी कुठून येते, बाई?"

मुलीनं मान वर केली. म्हणाली, "आमच्यातलं मी सांगते. पन मला तुमच्या गावात ऱ्हायाचं हाय. तुमच्या गावात कुठून येते ते आधी तुमी सांगा."

तिच्या बापाचा चेहरा पडला. आबा मात्र पोह्यांची बशी खाली ठेवून उठले आणि दाराकडे निघाले. सगळ्यांना वाटलं, मोडलं. ते दारातूनच म्हणाले, "ठरलं म्हून समजा. टिळा लावा." तिचं नाव मीरा. लग्नानंतर आबांच्या घरात त्यांच्या प्रश्नांना उलट प्रश्न करणारं एक माणूस आलं, आणि दोघांची जेवताना जी काय जुंपायची ती ऐकायला शेजारीपाजारी ओसरीवर येऊन बसत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला घेतलं.

आबांच्या गावात आरोग्य उपकेंद्र होतं आणि त्यात सिस्टर होती. शांत, कामाची बाई. सुया, गोळ्या, पोरांचे डोस आणि मुख्य म्हणजे बाळंतपणं. गावाच्या पलीकडे ओढा, आणि ओढ्यापलीकडे तांडा. तांड्याची ग्रामपंचायत वेगळी. तिथंही उपकेंद्राची छान इमारत बांधलेली, रंग दिलेली, आणि तिला कुलूप. व्हरांड्यात शेळ्या. बाळंतपणाला तांड्यावरच्या बायका ओढा उतरून या गावी येत. ओढ्याला पाणी असलं की येऊ शकत नसत. तांड्याचा नाईक एकदा आबांकडे आला आणि एवढंच म्हणाला, "आबा, पाऊसकाळात आमच्या बायका देवाच्या भरवशावर हायेत."

आबांनी त्या दिवशी माझ्या दुकानात इतक्या येरझाऱ्या घातल्या की शेवटी मीच उठून उभा राहिलो. प्रश्न झाला: इमारत आहे पण परिचारिका नाही अशी उपकेंद्रं किती, आणि या तांड्यावर परिचारिका कधी? कृपया नव्हताच. सभेत आबा उभे राहिले आणि त्यांनी असा काही पिच्छा पुरवला की आरोग्य खात्याचे साहेब शेवटी टेकीला आले. म्हणाले, "पुढच्या सभेच्या आत तांड्यावर परिचारिका दिसेल. माझा शब्द." बाकं वाजली. आबांच्या बाजूनं बाकं वाजलेली मी पहिल्यांदा ऐकली. आमच्या दैनिकात मी चार ओळींऐवजी दोन कॉलम दिले.

शब्द पाळला गेला. तांड्यावर शेळ्या हाकलल्या, कुलूप निघालं, नारळ फुटला. बायकांनी गाणी म्हटली आणि आबांच्या खांद्यावर शाल घातली. सिस्टर खुर्चीवर बसलेली होती, पण इतक्या बायकांच्या गर्दीत आबांनी तिच्याकडे नीट पाहिलं नसावं. शाल तशीच खांद्यावर ठेवून ते ओढा उतरून घरी आले, तर आपल्या गावच्या उपकेंद्राला कुलूप.

पारावर गाव जमलेलं. कुणीतरी म्हणालं, "या. आपली सिस्टर तांड्याला दिली तुमी. बरं केलं."

नवीन माणूस कुठून आणणार होते साहेब? भरती बंद. जवळच्या उपकेंद्रातली सिस्टर उचलून तांड्यावर प्रतिनियुक्तीनं पाठवली, झालं. जन्मभर प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा एकच प्रश्न विचारायचा राहिला होता: सिस्टर कुठून आणणार? दुसऱ्या दिवशी आबा माझ्याकडे आले तेव्हा खांद्यावर रुमाल नव्हता. म्हणाले, "मला सुचलं काहून न्हाई रे? तुला तरी काहून न्हाई सुचलं?" मलाही दोन कॉलमांच्या आनंदात सुचलं नव्हतं.

त्याच पावसाळ्यात मीराचे दिवस भरले. कळा सुरू झाल्या तेव्हा ओढा दोन्ही थड्या भरून वाहत होता. सिस्टर पलीकडे, डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरावर, आणि मध्ये पाणी. बालाजीनं जीप आणली. वसमतच्या वाटेवर, हट्ट्याच्या अलीकडे, सासूच्या मांडीवर डोकं ठेवून मीरा जीपमध्येच बाळंत झाली. पोरगं निळं पडलेलं.

आबांचा मला फोन आला. "दुकान बंद कर अन दवाखान्यात ये." मी गेलो तेव्हा पोरगं काचेच्या पेटीत होतं आणि आबा बाहेरच्या पडवीत फिरत होते. भिंतीपर्यंत जायचे, भिंतीला हात लावायचे, परत यायचे. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. बालाजी बाकावर डोकं धरून बसला होता. आबा समोरून जाताना तो एकदम उठला.

"बापू, साऱ्या जिल्ह्याला इचारून राहता ना तुमी? मंग इचारा आता. माझ्या लेकराच्या वक्ताला सिस्टर काहून नव्हती, इचारा की कोनाला तरी!"

आबा थांबले. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "कोनाला इचारू, बालाजी? नेली मीच."

आणि पुन्हा चालायला लागले. मला त्या वेळी त्यांची भीती वाटली आणि फार वाईटही वाटलं. या माणसाला कुणीतरी दोन मिनिटं धरून बसवावं, असं वाटत होतं, पण धरायचं कसं ते कळत नव्हतं.

पोरगं वाचलं. आता चांगलं दांडगोबा आहे. पण घर बिघडलं ते बिघडलं. मीरा सासऱ्याला ताट वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. आबा जेवताना काही विचारत आणि ती भाकरी वाढून आत निघून जाई. शेजारच्यांनी ओसरीवर यायचं सोडलं. गावात लोक आबांना वाट देत, बोलत नसत. एवढं होऊनही सुटका एका कागदावर होती. अध्यक्षांनी स्वतः निरोप धाडला: आबा, एक पत्र द्या, आठ दिवसांत तुमची सिस्टर तुमच्या गावी. मीही म्हणालो, "द्या आबा. मी टाइप करतो. घर आधी."

काउंटर आणि रस्ता, रस्ता आणि काउंटर. मग माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "मी पत्र देतो. सिस्टर हिकडं येते. मंग ओढ्याच्या तिकडच्या बाईचं लेकरू कोन्या काचंत ठिवायचं? तू सांग, मी ठिवतो." पत्र दिलं गेलं नाही. त्याऐवजी दोन्ही गावांना दोन सिस्टर का नाहीत, हा प्रश्न आबांनी उरलेल्या प्रत्येक सभेत विचारला, आणि भरती शासनस्तरावर आहे हे उत्तर प्रत्येक सभेत आलं.

मग सभाच संपल्या. मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या, प्रशासक आले. सभागृहाला कुलूप. इतरांना आराम वाटला असेल, आबांची मात्र पार दैना झाली. प्रश्न येतच होते, ते न्यायचे कुठं? ते माझ्याकडे येत, सांगत, मी टाइप करी, आणि मग कागद हातात धरून विचारत, "आता हे द्यायचं कोनाला?" मी म्हणायचो, लोकशाही दिनाला द्या. ते तसे द्यायचे. कलेक्टर कचेरीत टोकन घेऊन, ज्यांच्या तक्रारी पूर्वी हे मांडत असत त्याच माणसांच्या रांगेत उभं राहायचं. अर्जावर 'संबंधित विभागाकडे' असा शेरा पडायचा. हिंगोलीहून परतीच्या गाडीत एका कंडक्टरनं म्हणे त्यांना ओळखून जागा दिली. आबा उभेच राहिले आणि त्यालाच विचारत बसले, ही गाडी हट्ट्याहून आत काहून जात न्हाई.

या काळात गावातल्या पोरांनी, त्यात बालाजी पुढं, वरून वजन आणून सिस्टर परत मिळवली. फटाके, फेटा, सिस्टरचा सत्कार. तांड्याच्या इमारतीला पुन्हा कुलूप. सत्काराच्या वेळी आबा मळ्यात होते. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "तिचा काही दोष न्हाई. पन मला त्या फेट्याकडं बघवलं नसतं."

गेल्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "उद्या ग्रामसभेला ये. बातमी हाय." मी गेलो. झेंडा झाला, पोरांची कवायत झाली, जिलेबी वाटली. मग शाळेच्या मैदानात सतरंजीवर ग्रामसभा. पुरुष एकीकडे, बायका शाळेच्या भिंतीच्या सावलीला. घरकुलाच्या याद्या, नाल्या, पथदिवे. सरपंच 'अजून कोनाचं काही?' म्हणून उठायच्या बेतात होते, तेवढ्यात मागून आबा म्हणाले, "हाय."

अर्धी सभा हसली, अर्धी वैतागली. आबा म्हणाले, "मी ठराव मांडतो. आपल्या गावच्या सिस्टरनं आठवड्यातून दोन दिस तांड्यावर बसावं. ग्रामपंचायतीनं तसं वर कळवावं. सूचक मी."

मग जो गलका उठला तो काय सांगू. "एकदा घालवली ते पुरलं न्हाई का?" "आबा, तुमचं डोकं ठिकान्यावर हाय का?" एक जण तर म्हणाला, "तांड्यालाच ऱ्हायला जा." बालाजी पुढच्या ओळीत होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. ग्रामसेवकानं हात वर करून लोकांना गप्प केलं आणि विचारलं, "अनुमोदक कोण?" ठरावाला मांडणारा एक आणि पाठिंबा देणारा एक, अशी दोन माणसं लागतात. दुसरं मिळालं नाही तर ठराव तिथंच मेला. सरपंच हे ओळखून होते. ते घड्याळ बघत म्हणाले, "कोनी न्हाई. चला."

आबा सभेत एकेका चेहऱ्याकडे बघत होते. ज्यांची कामं त्यांनी भांडून करून आणली होती ते जिलेबीचा कागद चुरगाळत बसले होते. मी गावचा नव्हतो, नाहीतर तेव्हा माझाच हात वर गेला असता.

"मी हाय," असा आवाज भिंतीकडून आला.

मीरा उभी होती. डोक्यावर पदर, काखेत पोरगं, पोराच्या हातात कागदी झेंडा. "अनुमोदक मी. पन दोन दिस न्हाई. तीन दिस हिकडं, तीन दिस तिकडं. बराबर तसं लिहा."

ग्रामसेवक गोंधळून म्हणाला, "वहिनी, तुमचे मामंजी दोन म्हणाले."

आबा लगेच, "व्हय. दोन म्हन्लो मी. दोन लोक ऐकतील, तीन म्हन्लं तर—"

"तुमी बाळंत झालते का कवा?" मीरा म्हणाली.

मैदान हसण्यानं फुटलं. बायका पदर तोंडाला लावून लोटपोट. मीरा हसली नाही. ती पुरुषांकडे बघून बोलत होती. "मी झाले. जीपमधी झाले. निघताना पल्याड सिस्टर दिसत व्हती मला, ओढ्याच्या तिकडं. माझ्या मनाला तवा आलं, तिला तिथून उचलून आनावं. दोन वर्स मी मामंजीला बोलले न्हाई त्या रागानं. पन आता सिस्टर हिकडं हाय, अन तिकडं कोनी तरी असंच हिकडं बघत असंल ना? मी जे भोगलं ते मला म्हाईत हाय. मला ते दुसरीला द्यायाचं न्हाई." आणि ती खाली बसली.

हात वर झाले. बायकांकडून बरेच, पुरुषांकडून मोजके. बालाजीचा हात वर गेला नाही, विरोधातही गेला नाही. ठराव पडला. सरपंचांनी राष्ट्रगीत लावलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मार्च महिन्यात, हळद शिजवायच्या ऐन धामधुमीत, कढईजवळ उभ्या उभ्या आबा कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. एक मेच्या ग्रामसभेत मीरानं तोच ठराव मांडला, तीन-तीन दिवसांचा. अनुमोदक म्हणून बालाजी उभा राहिला. मंजूर झाला. आता सिस्टर तांड्यावर जाते. कधी जाते, कधी तालुक्याला बैठक असते, कधी ओढ्याला पाणी असतं. मीराचा मला मधून मधून फोन येतो, आणि ती प्रश्न सांगते आणि मी टाइप करतो. दुसरी सिस्टर अजून आलेली नाही.

पण आबांना मी शेवटचं पाहिलं ते त्या सव्वीस जानेवारीलाच. सभा उठली, लोक पांगले. मी गाडीला किक मारत होतो, तर शाळेच्या फाटकातून ती दोघं बाहेर पडली. आमच्याकडे सून सासऱ्याच्या मागून, पदर सावरत, चार पावलं अंतर ठेवून चालते. त्या दिवशी मीरा पुढं होती आणि आबा मागून लांब लांब ढांगा टाकत तिला गाठायला बघत होते.

"दोन म्हन्लं असतं तर पास झाला असता."

"नसता झाला."

"काही हात वाढले असते."

"अन पास होऊन काय केलं असतं? एक दिस कमी पडला असता तर पुन्ना तुमीच रातभर घरात फिरले असते." ती थांबली आणि वळली. "एक मेला पुन्ना मांडू. पन सूचक मी व्हनार. तुमी निस्तं अनुमोदन द्या, अन मधी बोलू नका."

आबांनी दोन्ही हात पुढं केले. मीरानं काखेतलं पोरगं त्यांच्याकडे दिलं आणि ती पुढं चालायला लागली. आबांनी त्याला खांद्यावर बसवलं. त्याच्या हातातला झेंडा त्यांच्या डोळ्यांवर येत होता, तरी तो न हटवता ते तिच्या मागून घराकडे गेले.